ठिपक्यांची वही

सोमवारी सकाळी शाळेत शिरताना एखाद्या शिक्षकाच्या डोक्यात काय काय असते, याची यादी करून पाहावी. आठवीच्या चाचणीचे पेपर अर्धेच तपासून झाले आहेत. गुरुवारच्या विद्युतप्रयोगासाठी सेल आणि तारा आणायच्या आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज शुक्रवारपर्यंत पूर्ण करायचे आहेत. चंद्र दिवसासुद्धा दिसतो, मग अमावास्येला का दिसत नाही, असे एका मुलाने विचारले होते आणि तास संपल्यामुळे त्याला ‘उद्या सांगतो’ असे म्हटले होते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी फळ्यावरचे आकडे चुकीचे उतरवून घेते, हे गेल्या आठवड्यात ध्यानात आले होते. तिच्या घरी कळवायचे होते.

यांतली पहिली तीन कामे सहसा विसरली जात नाहीत, कारण ती मागणारे कोणीतरी असते. पेपर वर्ग मागतो, अर्ज कार्यालय मागते, आणि सेल नसले तर गुरुवारचा तासच अडतो. शेवटची दोन कामे मात्र कोणीही मागत नाही. मुलगा एकदोन दिवस वाट पाहतो आणि प्रश्न सोडून देतो. मुलीला तर आपल्याला नीट दिसत नाही हेच ठाऊक नसते; सगळ्यांनाच असे दिसते, अशी तिची समजूत असते. जी कामे मागायला कोणी येत नाही ती विसरण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि शिक्षकाच्या बाबतीत तीच कामे पुष्कळदा सर्वांत मोलाची असतात.

अशा कामांसाठी उपयोगी पडणाऱ्या, नोंदी ठेवण्याच्या एका पद्धतीची ओळख आपण या लेखात करून घेणार आहोत. तिचे नाव ‘बुलेट जर्नल’. यातील ‘बुलेट’चा बंदुकीशी संबंध नाही. यादीतील प्रत्येक मुद्द्याआधी जो ठळक ठिपका देतात त्याला छपाईच्या भाषेत बुलेट म्हणतात. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात राहणारे रायडर कॅरोल यांनी ही पद्धत तयार केली. त्यांचा व्यवसाय संगणकीय उत्पादनांचे आरेखन करण्याचा. लहानपणी त्यांना लक्ष एकाग्र न होण्याचा विकार असल्याचे निदान झाले होते. शिकत असताना स्वतःच्या सोयीसाठी त्यांनी वहीत काही युक्त्या करून पाहिल्या, त्यांतल्या टिकल्या तेवढ्या ठेवल्या आणि २०१३ साली त्या लोकांपुढे मांडल्या. २०१८ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तकही निघाले.

पुढे या पद्धतीला एक वेगळेच वळण लागले. रंगीत शाई, नक्षीदार चौकटी, चित्रे यांनी सजवलेल्या वह्यांची छायाचित्रे सगळीकडे दिसू लागली आणि बुलेट जर्नल म्हणजे हस्तकलेचा प्रकार असा अनेकांचा समज झाला. मूळ पद्धत अगदी साधी आहे. तिला एक वही आणि एक पेन एवढेच लागते. ती का चालते आणि कधी चालत नाही, हे समजले तर प्रत्येकाला आपल्या सोयीची वही मांडता येईल. म्हणून आधी थोडे मनाविषयी पाहू.

डोक्यात किती मावते?

एकाच वेळी आपण किती गोष्टी मनात धरून ठेवू शकतो? १९५६ मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘सात अधिक किंवा उणे दोन’ असे उत्तर दिले होते, आणि ते फार प्रसिद्ध झाले. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले, की मनातल्या मनात घोकणे आणि गट पाडणे या युक्त्या वापरता आल्या नाहीत तर हा आकडा चारच्या आसपास येतो. ज्या स्मृतीच्या आधारे आपण तोंडी हिशेब करतो किंवा वाक्याचा शेवट ऐकेपर्यंत त्याची सुरुवात धरून ठेवतो, त्या कार्यकारी स्मृतीची ही मर्यादा आहे. सोमवार सकाळची आपली यादी पाच कामांची होती. ती मनात धरून ठेवायची तर अपूर्णांकांचा गुणाकार शिकवायला जागा कुठे उरणार?

अपुऱ्या कामांची आणखी एक खोड आहे. ती मधूनच वर येतात. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले, की ज्यांत लोकांना काही कामे पुरी करू दिली आणि काही मध्येच थांबवली. थांबवलेली कामे त्यांना अधिक आठवत होती. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत गेला, पण नंतरच्या प्रयोगांत तो नेहमी मिळाला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणातही अपुरी कामे जास्त आठवतात या म्हणण्याला आधार मिळाला नाही. मात्र त्याच प्रयोगशाळेतील मारिया ओव्स्यान्किना यांनी १९२८ मध्ये दाखवलेली दुसरी गोष्ट टिकून राहिली: अर्धवट सोडलेले काम पुन्हा हाती घेण्याची ओढ माणसाला असते. म्हणजे ओढ आहे, पण आठवणीची खात्री नाही. मनाचा हा कारभार असा अडचणीचा आहे.

मग ही ओढ शांत कशी करायची? काम पुरे केले तर ती जातेच. पण मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ मधील प्रयोगांतून एक उपयुक्त गोष्ट दिसली. अपुऱ्या कामाची आठवण करून दिलेल्या लोकांना एक उतारा वाचायला दिला, तेव्हा त्यांचे मन पुन्हा पुन्हा त्या कामाकडे जात होते. परंतु ज्यांना ते काम कसे आणि कधी करणार याची नेमकी योजना करू दिली, त्यांचे मन तसे भरकटले नाही. काम दोघांचेही तेवढेच बाकी होते. मनाला काम संपायला हवे असते असे नाही. त्याची व्यवस्था लागली आहे, एवढी हमी त्याला पुरते.

ही हमी खरी असावी लागते. कॅलिफोर्नियातील बेंजामिन स्टॉर्म आणि शॉन स्टोन यांनी २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना संगणकावरच्या दोन फायलींतील शब्द पाठ करायला दिले. पहिली फाईल संगणकात जतन करून मग दुसरीकडे वळलेल्यांना दुसऱ्या फाईलमधील शब्द अधिक चांगले आठवले. पहिली फाईल सुरक्षित आहे म्हटल्यावर मन तिच्यातून मोकळे झाले होते. पण जतन करण्याची सोय भरवशाची नाही असे दिसले, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला.

वहीच्या बाबतीत सगळे रहस्य इथे आहे. लिहून ठेवल्याने डोके हलके होते, ते शाईमुळे नव्हे. लिहिलेले आपण पुन्हा वाचणार आहोत, असा मनाचा विश्वास असेल तरच ते हलके होते. चिठोऱ्यावर, वर्तमानपत्राच्या कडेला, तळहातावर लिहिलेली कामे मन सोडून देत नाही, कारण चिठोरे हरवते हे मनाला अनुभवाने ठाऊक असते.

विश्वास बसण्याच्या तीन अटी

वहीवर मनाचा विश्वास बसायचा तर तीन अटी पाळाव्या लागतात. पहिली, जे काही टिपायचे ते एकाच ठिकाणी टिपले गेले पाहिजे. दुसरी, टिपलेले हवे तेव्हा सापडले पाहिजे. तिसरी, जे करायचे राहिले ते आपोआप डोळ्यांपुढे आले पाहिजे. बुलेट जर्नलमधील प्रत्येक भाग या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या अटीसाठी आहे. ज्या भागाने यांतली एकही अट पुरी होत नाही तो खुशाल गाळावा.

आपल्याकडे या अटींची उत्तम उदाहरणे व्यापाऱ्यांच्या वह्यांत सापडतात. दिवसभरात घडलेला व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचा आणि नंतर ज्याच्या-त्याच्या खात्यावर, म्हणजे खतावणीत, न्यायचा. रोजकीर्दीत खतावणीचे पान लिहायला एक अरुंद रकाना असतो. तो भरलेला असला की नोंद खात्यावर गेली असे समजायचे. क्रमाने लिहिणे घाईत सोपे, विषयाने लावणे शोधताना सोपे, आणि दोन्हींना जोडणारा पानाचा आकडा. अठराव्या शतकात गटिंगेनमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे लिख्टेनबर्ग यांना इंग्रज व्यापाऱ्यांची ही रीत इतकी पसंत पडली होती, की आपले सुचलेले विचार टिपण्याच्या वह्यांना त्यांनी ‘कच्च्या वह्या’ असेच नाव दिले. बुलेट जर्नल हीसुद्धा रोजकीर्द आणि खतावणी एकाच पुठ्ठ्यात बांधलेली वही आहे, असे म्हटले तर ती चटकन समजते.

वहीची मांडणी

साधी, शिवलेली, दोनशेपानी वही घ्यावी. सुट्या कागदांची फाईल नको, कारण सुटा कागद हरवतो. प्रयोगशाळेत आम्ही जी प्रयोगवही वापरतो तिचेही नियम असेच असतात: बांधलेली वही, छापील किंवा हाताने घातलेले पानांचे क्रमांक, प्रत्येक नोंदीवर तारीख, आणि पान कधीही फाडायचे नाही. पानांना क्रमांक घालायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. ती एकदा खर्च करावीत. दुसरी अट त्यावरच उभी आहे.

पहिली चार पाने अनुक्रमणिकेसाठी कोरी ठेवावीत. छापील पुस्तकाची अनुक्रमणिका आधी ठरलेली असते. ही मात्र वही भरत जाईल तसतशी भरत जाते.

पुढची चार पाने ‘पुढील महिने’ यांसाठी. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असेल तर जूनपासून पुढचे महिने त्यांवर आडव्या रेघा मारून विभागावेत. सहामाही परीक्षा, विज्ञान प्रदर्शन, २२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन, २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन अशा लांबच्या गोष्टी इथे येतात.

त्यानंतर चालू महिन्याची दोन समोरासमोरची पाने. डावीकडे १ ते ३० किंवा ३१ आकडे उभे लिहून प्रत्येकापुढे वाराचे अक्षर आणि त्या दिवशीचा कार्यक्रम. उजवीकडे त्या महिन्यात करायच्या कामांची यादी.

मग रोजची नोंद सुरू होते. तारीख घालायची आणि जसे सुचेल, घडेल तसे एकेका ओळीत टिपायचे. आजची नोंद संपली की तिच्याच खाली उद्याची तारीख. एका दिवसाला एक पान असे आधी आखून ठेवू नये. छापील डायरीत हीच गैरसोय असते. सुट्टीच्या दिवसाचे पान कोरे राहते, धावपळीच्या दिवसाला ते पुरत नाही, आणि चार कोरी पाने दिसली की डायरी ठेवणे मोडलेच असे वाटू लागते.

प्रत्येक ओळीच्या आधी तीनपैकी एक खूण येते. काम असेल तर ठिपका (•), कार्यक्रम किंवा घटना असेल तर गोल (○), आणि नुसती माहिती किंवा निरीक्षण असेल तर आडवी रेघ (–). काम झाले की ठिपक्यावरच फुली मारायची (×). ते पुढे ढकलून वहीत दुसरीकडे पुन्हा लिहिले तर ठिपक्याचा उजवीकडे तोंड असलेला बाण करायचा (>). लांबच्या महिन्याच्या पानावर नेले तर बाणाचे तोंड डावीकडे (<), कारण ती पाने वहीत मागे, सुरुवातीला असतात. करण्याची गरज उरली नाही तर पूर्ण ओळच खोडायची. ठिपका निवडण्यामागे हा विचार आहे: त्याच्यावरून फुली किंवा बाण सहज काढता येतो. पान वरून खाली पाहिले की जो ठिपका नुसता ठिपकाच राहिला आहे, तो लगेच डोळ्यांत भरतो. तिसरी अट अशी पुरी होते.

समजा, १४ जुलैची नोंद आहे:

○ पालकसभा, दुपारी ४ वाजता
× आठवीचे पेपर, पहिले २० तपासणे
• मधल्या सुट्टीत विद्युतपेटी उघडून सेल मोजणे
– ८ ब: अमावास्येला चंद्र का दिसत नाही? (पान ४१)
– शेवटच्या बाकावरची मुलगी, फळ्यावरचा ३ आणि ८ यांत गोंधळ
• उद्या पहिल्या तासाला तिला पुढच्या बाकावर बसवून पाहणे

इथे दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे ‘सेलचे बघणे’ असे न लिहिता ‘मधल्या सुट्टीत पेटी उघडून सेल मोजणे’ असे लिहिले आहे. ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा स्वरूपात ठरवलेली कामे पार पडण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले आहे. शाळेत तर घंटा, तास, मधली सुट्टी अशा खुणा आयत्याच असतात. कामे त्यांना बांधावीत. आजच तीन वाजता फोन करायचा असेल तर मात्र मोबाईलचा गजर लावावा. वही हाक मारू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आडव्या रेघेच्या नोंदी. त्यांत करायचे काहीच नसते, म्हणून त्या टाळण्याचा मोह होतो. पण मुलीविषयीची ती नोंद एकटी असताना फारसे सांगत नाही. ८ जुलैला ‘गृहपाठात आकडे चुकले’, ११ जुलैला ‘डोके दुखते म्हणाली’ आणि १४ तारखेला ‘३ आणि ८ यांत गोंधळ’ अशा तीन ओळी एका पाठोपाठ वाचल्या, तर निष्काळजी मुलगी नाहीशी होते आणि चष्म्याची गरज असू शकणारी मुलगी दिसू लागते. त्या तीन दिवसांत शिक्षकाने शेकडो गोष्टी पाहिलेल्या असतात. स्मरणशक्ती त्यांतल्या नेमक्या तीन शेजारी आणून ठेवीलच असे नाही; चाळलेली वही मात्र ठेवते.

विषयांची पाने

चंद्राच्या प्रश्नापुढे ‘पान ४१’ लिहिले आहे, ती खतावणी. वहीत जे पुढचे कोरे पान असेल ते घेऊन त्याला ‘मुलांचे राहिलेले प्रश्न’ असे शीर्षक द्यावे आणि अनुक्रमणिकेत त्याचा क्रमांक लिहावा. मध्ये रोजच्या नोंदी आल्या तरी हरकत नाही. ते पान भरले की पुढचे मिळेल ते पान घ्यावे आणि अनुक्रमणिकेत ‘४१, ७८’ अशी भर घालावी. ‘प्रयोगाला लागणारे साहित्य’, ‘वाचायची पुस्तके’, ‘पाठ शिकवताना काय अडले’ अशी पाने प्रत्येकाच्या गरजेनुसार उघडता येतील.

अशा पानाचे मोठे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. मायकेल फॅरडे यांना आपल्या स्मरणशक्तीचा भरवसा वाटत नसे आणि त्यामुळे टिपून ठेवण्यावर त्यांचा भर असे. त्यांच्या प्रयोगांच्या रोजनिशीत क्रमांक घातलेले १६ हजारांहून अधिक परिच्छेद आहेत. शिवाय १८२२ मध्ये त्यांनी एक वेगळी वही सुरू केली होती. पुढे कधीतरी तपासायच्या कल्पना आणि प्रश्न ते तिच्यात टिपून ठेवीत. एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्यावर पेनाने रेघ मारून तारीख घालीत. चुंबकत्वापासून वीज मिळवणे हे काम त्या काळच्या त्यांच्या टिपणांत आहे. ते साधले २९ ऑगस्ट १८३१ रोजी. नऊ वर्षे तो ठिपका उघडा होता. आज आपल्या घरात पोहोचणारी बहुतेक वीज ज्या तत्त्वावर निर्माण होते, ते विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व त्यातून हाती आले.

महिनाअखेरची नक्कल

आता या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कंटाळवाणा भाग. महिना संपला की मागची सगळी पाने चाळायची आणि जे ठिपके उघडे आहेत त्यांची एकेक करून चौकशी करायची. हे काम अजून करायला हवे का? हवे असेल तर नव्या महिन्याच्या पानावर ते हाताने पुन्हा लिहायचे. नको असेल तर खोडायचे.

मोबाईलमधील याद्या हे काम आपोआप करतात, मग हाताने कशाला, असे कोणी विचारील. कारण हेच, की आपोआप पुढे जाणाऱ्या यादीत काहीही मरत नाही. शंभर थकलेली कामे रोज सकाळी लाल अक्षरांत दिसू लागली, की माणूस ती यादी उघडणेच सोडतो. हाताने नक्कल करायची म्हटली की प्रत्येक ओळीची थोडी किंमत मोजावी लागते, आणि तेवढी किंमतसुद्धा देववत नसेल, तर ते काम आपल्याला करायचेच नाही हे उमगते. तिसऱ्यांदा नक्कल करण्याची वेळ आली तर तीनपैकी एक गोष्ट करावी: काम खोडावे, त्याचे लहान तुकडे करून पहिला तुकडाच लिहावा, किंवा उठून ते करून टाकावे.

रोज संध्याकाळी पाच मिनिटे अशीच छोटी चौकशी केली तर फार चांगले. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेला एक प्रयोग इथे आठवतो. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली आणि काहींनी झालेल्या कामांची. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे आणि एकाच रात्रीचा आहे, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण करून पाहायला खर्च काहीच नाही.

आपल्या वहीवर आपलाच प्रयोग

आपल्याला कोणती मांडणी मानवेल, हे दुसऱ्याच्या वहीकडे पाहून कळत नाही. प्रयोग करूनच कळते आणि प्रयोगाचे नेहमीचे नियम इथेही लागू आहेत.

पहिला महिना फक्त अनुक्रमणिका, महिन्याची पाने, रोजची नोंद आणि तीन खुणा एवढ्यावरच काढावा. त्यानंतर महिन्याला एकच बदल करावा. एकदम पाच बदल केले, तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले ते समजत नाही. शेवटच्या पानावर ‘वहीविषयी’ असे शीर्षक देऊन कोणता बदल कधी केला ते लिहावे.

मोजायचे काय? तीन आकडे पुरेत: शाळेच्या किती दिवसांपैकी किती दिवस वही उघडली, किती कामे लिहिली, आणि त्यांतली किती झाली. समजा, एका आठवड्याच्या सहा दिवसांत ४२ कामे लिहिली आणि १८ झाली. म्हणजे रोज सात लिहितो आणि तीन होतात. इथे आपण आळशी आहोत असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. त्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळेच बिघडले तर किती लागतील, याचा अंदाज सुमारे ४९ दिवसांचा होता. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५ दिवस. आपल्या कामाचा अंदाज आपण कमीच करतो, हा माणसाचा सर्वसाधारण दोष आहे. त्यावर उपाय म्हणजे मागचा आकडा पाहून पुढचा ठरवणे. रोज तीन कामे होत असतील तर सकाळी तीनच ठिपके द्यावेत. चौथे झाले तर आनंदच आहे.

वही उघडण्याचे दिवस कमी भरत असतील तर तिचा आकार आणि जागा तपासावी. कपाटात राहणारी सुंदर वही आणि हजेरीपटाबरोबर वर्गात येणारी चुरगळलेली वही यांत दुसरीच कामाची. सजावटीची आवड असेल त्याने जरूर सजवावी, पण सजवायला वेळ नाही म्हणून आजची नोंद राहिली असे होऊ लागले, की सजावट थांबवावी. मध्ये पंधरा दिवस वही बंद राहिली तर मागचे भरत बसू नये. आजची तारीख घालून पुढे लिहावे. प्रयोगवहीतही एखाद्या दिवशी प्रयोग झाला नाही तर आम्ही तो झाल्यासारखा लिहीत नाही.

एक सावधगिरी सांगायला हवी. शिक्षकांना लिहिण्याची कामे आधीच पुष्कळ आहेत. हजेरीपट, टाचणवही, निकालपत्रके हे सगळे दुसऱ्या कोणीतरी तपासण्यासाठी लिहिलेले असते आणि ते तसेच दिसते. ही वही तपासायला कोणीही येता कामा नये. तपासणारा आला की लिहिणारा त्याच्यासाठी लिहू लागतो. आणि वही कामाचे ओझे कमी करते असेही समजू नये. पन्नास मुलांचा वर्ग वही ठेवल्याने चाळीसचा होत नाही. आपण कशाला वेळ देतो आणि कशाला देत नाही, एवढे मात्र ती स्वच्छ दाखवते. काय खोडायचे ते मग आपल्याला ठरवता येते. एरवी ते विसरण्याने ठरते.

विद्यार्थ्यांच्या हाती

नववी-दहावीच्या आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत सहज जमते. ‘विज्ञानाचा अभ्यास करणे’ याऐवजी ‘रात्री जेवणानंतर भिंगाच्या सूत्रावरची ५ उदाहरणे’ असे लिहायला शिकणे, हेच मोठे शिक्षण आहे. ‘न समजलेले’ असे एक विषयाचे पान त्यांनी जरूर ठेवावे. परीक्षेच्या आधी सगळे पुस्तक उघडण्यापेक्षा ते एक पान उघडणे अधिक उपयोगी. पतंग, पाऊस, झाडाला पालवी येण्याचा दिवस अशी निरीक्षणे आडव्या रेघेने टिपली, तर वर्षभरात एक लहानसा प्रकल्पच तयार होतो. मात्र या वहीला गुण देऊ नयेत आणि ती तपासायला मागू नये. पद्धत वर्गात एकदा दाखवावी, आपली वही लांबून दाखवावी आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे.

सुरुवात करायला जून महिन्याची किंवा एक तारखेची वाट पाहण्याची गरज नाही. वहीच्या पानांना क्रमांक घालावेत, आजची तारीख लिहावी, आणि ज्या कामांची आठवण आपल्याला कोणीही करून देणार नाही, ती सर्वांत आधी लिहावीत. वर्ष संपल्यावर वही रद्दीत घालू नये. पुढच्या वर्षी तोच पाठ शिकवताना मुले कुठे अडली होती आणि कोणता प्रश्न अजून उघडा आहे, हे त्या वहीइतके नेमके दुसरे कोणीही सांगणार नाही.